शिक्षेला उभे पुतळे

नंदनवन, नागपूर
४ नोव्हेंबर २०२५

चि. अरुंधतीस गिरिधरदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

टण्ण्! आज पहाटे तोच आवाज कानात घुमला. शाळेच्या कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, आणि त्यावर कांब हाणणारा आपला धाकटा विक्रम. नदीची कविता पाठ नसलेल्यांना गुरुजी उभं करायचे. विक्रमला ते बघवायचं नाही, म्हणून तो घंटा वेळेआधीच द्यायचा. काय ते दिवस!

आता म्हातारपणी सीताबर्डीत आपल्या शेजारच्या मधुकररावांच्या कापडदुकानाची काच त्याने कांबेने फोडली, तीही त्याच दयेपोटी. काचेमागचे पुतळे त्याला शिक्षेला उभी केलेली पोरं वाटली. मधुकरराव मध्ये पडले आणि खांदा गमावून बसले. कोर्ट म्हणालं, कृत्य याचंच, पण शुद्ध नव्हती. शिक्षा नको, मनोरुग्णालयात ठेवा. आता डॉक्टर म्हणतात, गोळ्यांवर तो ठीक आहे. सतरा तारखेला घरच्या कोणी कोर्टात जबाबदारीची सही केली, तर घरी आणता येईल. नाही तर तिथेच.

यावर वसाहतीची सभा झाली. अध्यक्ष मारोतरावांनी तोडगा काढला: आधी सरकारने त्याला पूर्ण बरा करावा, आणि बरा झाला की फटके द्यावेत, म्हणजे त्याला ते नीट समजतील. टाळ्या पडल्या. मग मधुकररावांच्या सुरक्षेसाठी त्याला वसाहतीत आणू नये, असा ठराव झाला. मधुकरराव सभेला नव्हते.

मी सही करीनही गं, पण मधुकररावांच्या दारावरून त्याला नेऊ कसा? त्या भल्या माणसाच्या मनाचा विचार नको?

गुडघ्याला जप. दादावर माया ठेव.

तुझा,
गिरिधरदादा

वर्धा
१० नोव्हेंबर २०२५

ती. दादास अरुंधतीचा सा. न., वि. वि.

पत्र पोचलं. अर्धं घंटेत गेलं, पाव नदीत वाहून गेलं. उरलेल्या पावात विक्रम कसाबसा मावला.

मारोतरावांचा तोडगा फार आवडला. त्यांचा अश्विन पिऊन गाडी चालवत शेजाऱ्याच्या भिंतीत शिरला, तेव्हा तो पुरता शुद्धीवर होता ना? तेव्हा समाजाच्या रक्षणाचा ठराव कुठे होता? तेव्हा मारोतराव म्हणाले होते, पोरवय आहे, होते असं. पोरगा छत्तिसाचा. आपला विक्रम सहासष्ट वर्षांचा आहे, तेवढीच त्याची चूक.

आणि मधुकररावांच्या मनाचं एवढं पडलंय, तर त्यांना विचारलंस काय? दोन घरं सोडून राहतात. तिथवर जायला कविता पाठ असावी लागत नाही.

तुला भीती वाटते, तर तसं लिही. मलाही वाटते. गोळी चुकली तर काय, पुन्हा कांब उचलली तर काय, हे मी डॉक्टरांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, गोळी चुकू देऊ नका. एवढं तर आपल्याला जमेल. गुडघ्याचं ऑपरेशन झालं नसतं तर मीच आले असते. आपल्या भीतीपायी त्याला उभं ठेवू नको, दादा.

रागावलास तरी चालेल, पण बहिणीला विसरू नकोस.

तुझी,
अरुंधती

नंदनवन, नागपूर
१७ नोव्हेंबर २०२५, सकाळ

चि. अरुंधतीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू म्हणतेस ते खरं आहे. मला भीती वाटते. मी कालच जाणार होतो मधुकररावांकडे, पण त्यांच्या घरी पाहुणे दिसले. आज कोर्टात गर्दी असेल, थंडीही वाढली आहे. पुढची तारीख मागून घ्यावी, असं मनात येतं. डिसेंबरात ऊन कसं कोवळं

थांब, दार वाजतंय.

अरुंधती, दारात मधुकरराव उभे आहेत! तूच फोन केलास म्हणे त्यांना. कोर्टात जायला फाटकाशी ऑटो उभा करून आले आहेत आणि मला झाडून राहिले आहेत. म्हणतात, सभेत ठराव माझ्या नावानं, तुमचं दार बंद माझ्या नावानं, मले कोणी विचारलं काय? माफबिफ त्यांनी केलेलं नाही. विक्रमला चार शिव्या हासडायच्या आहेत म्हणे, पण त्यासाठी तो समोर पाहिजे ना गा. पुतळे मात्र त्यांनी खुर्च्यांवर बसवले आहेत. पुन्हा काचेचे पैसे कोण भरेल, असं त्यांचं म्हणणं.

मी सांगून पाहिलं की चप्पल सापडत नाही. त्यांनी चांगल्या हाताने ती पलंगाखालून ओढली आणि माझ्या पायाशी ठेवली.