हळकुंडांनी मोजलेल्या सायकली

सांगली,
मार्च १९७४

तीर्थरूप लालासाहेब दाजी यांच्या चरणी धाकटा मेहुणा हंबीरराव याचा दंडवत पोचावा. आम्ही इकडे खुशाल आहोत (निदान आमची सौ. सुलाबाई तसं म्हणते). तुमचा गुडघा कसा आहे? वाईच्या वैद्यांनी दिलेलं तेल तुम्ही खरोखर चोळता की बाटली नुसती कोनाड्यात मिरवते, हे मी ताईला वेगळ्या पत्रानं विचारलंच आहे.

तर इकडची हकिकत अशी. पेट्रोल महागलं तसे आमच्या पेठेतले हळदीचे व्यापारी नाथाजीराव एकदम देशाची काळजी करू लागले. त्यांनी इंधन काटकसर समिती काढली. रस्त्यावरचा एकाआड एक दिवा बंद झाला (बंद झालेला नेमका आमच्या दारातला, चालू राहिलेला नाथाजीरावांच्या दारातला, मी फक्त सांगून ठेवतो), आणि लोकांनी सायकली वापराव्यात म्हणून फलक लागले. लोक खरंच वापरतात का, हे मोजायला जोतिबा नावाचा एक गडी आमच्या कोपऱ्यावर, माझा दोस्त चांदसाहेब याच्या सायकल दुकानासमोर स्टूल टाकून बसवला. सायकल गेली की त्यानं डब्यात एक हळकुंड टाकायचं. आठवड्यानं डब्याचं वजन करायचं. काटकसर तागडीत मोजणारं गाव दुसरं नसेल.

आता हे मला कुणी सांगितलं होतं का? मला दिसला तो एवढाच, की एक अनोळखी माणूस माझ्याकडं टक लावून बघतो आणि मी पुढं गेलो की डब्यात काहीतरी टाकतो. पलटणीत अख्खी नोकरी झुडपांवर संशय घेण्यात गेली, दाजी. ती सवय पेन्शनीबरोबर सुटत नाही. मला वाटलं, रॉकेलच्या रेशनवरून पाळत असणार. खात्री करावी म्हणून मी परत फिरलो. त्यानं परत बघितलं, परत टाकलं. मग मी टोपी काढून गेलो. मग उपरणं गुंडाळून. मग सुलाबाईला मागं बसवून (ती विचारत होती कुठं जायचंय, मी म्हटलं गप बस). आठवडाभर हेच चाललं. आणि दर खेपेला चांदसाहेब दुकानातून हसून हात करायचा, वर त्या गड्याला चहा द्यायचा! मला सगळा उलगडा झाला. मी भर दुकानात म्हणालो, “माझ्यावर पाळत ठेवायला माणूस बसवलास व्हय रं?”

त्याच्या हातातला पाना तसाच राहिला. “हंबीरराव, तुमच्या घरात पाळत ठेवण्याजोगं हाय तरी काय?” एवढंच बोलला आणि पाठ फिरवली. इतक्या वर्षांची दोस्ती, दाजी. माझ्या सायकलचं पंक्चर मी दुसऱ्याकडून काढून घेतलं, तर चाक रस्त्यातच पुन्हा बसलं.

रविवारी समितीची सभा झाली. डबा तागडीत घातला, आणि नाथाजीरावांनी हात जोडून जाहीर केलं की पेठेतल्या सायकली समितीच्या अंदाजापेक्षा दुप्पट वजनाच्या झाल्या. टाळ्या पडल्या. जोतिबा डब्याजवळच उभा होता, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पुढं ते म्हणाले, आता लोक सायकलीवर जातात, तेव्हा दवाखान्याकडं जाणारी शहर बस बंद करावी, तेवढंच डिझेल वाचेल, अशी आम्ही शिफारस करतो. मागं चांदसाहेबची आई रहिमतबी बसली होती. तिला चार पावलं चालवत नाही. पायाची पट्टी बदलायला ती त्याच बसनं जाते. तिनं लेकाकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली.

मी उभा राहिलो. “ती हळद माझी हाय,” मी म्हणालो. लोक हसले. नाथाजीरावांनी डोळे बारीक केले, “बसवाल्यांनी पाठवलं का तुम्हाला?” (माझ्यावर संशय! माझ्यावर!) मी टोपीपासून सुलाबाईपर्यंत सगळं सांगितलं. नाथाजीरावांनी जोतिबाला विचारलं, हेच गृहस्थ फिरत होते का? तो म्हणाला, “मला चाकं बघायला सांगितल्याली. तोंडं न्हाईत बघितली.”

शेवटी ठरलं की पुढचा आठवडा मी सायकलला हात लावायचा नाही, आणि मग पुन्हा वजन करायचं. तसं केलं. या खेपेला डब्याचा तळ दिसत होता. शिफारस मागं घेतली, बस राहिली. नाथाजीराव आता मला बघून रस्ता बदलतात, तेही मोटारीतून.

काल चांदसाहेब दारात आला. “सायकल काढा. दुसऱ्याचं पंक्चर बघवत न्हाई मला.” मी काढून दिली. ट्यूब पाण्यात बुडवताना आम्ही दोघंही बुडबुड्यांकडंच बघत होतो. मग त्यानं चहा मागवला. मी त्याच्या आधी प्यायलो, यावरून आमचं मिटलं ते समजा.

ताईस नमस्कार. गुडघा जपा.

तुमचा,
हंबीरराव

ता. क. – फार दिवसांपूर्वी नोंदवून ठेवलेल्या स्कूटरचा माझा नंबर आता लागला आहे. भर सभेत सायकलीवरून इतकं बोलल्यावर ती इथं दारात उभी करता येत नाही. तेव्हा काही दिवस वाईला तुमच्या अंगणात ठेवावी, ही विनंती. मी अधूनमधून बसनं येऊन चालवून जाईन. चांदसाहेबला बोलू नका.

ता. क. दुसरा – गुडघ्याचं निमित्त करून घाटावर स्कूटरनं जायचं नाही. मी आलो की टाकीत काठी बुडवून बघणार आहे.