सुनीलचं ‘येस सर’

सोम. ३ नोव्हें.
पेणला रामवाडी स्टँडवर एसटीने ताटकळवलं. रोह्याला केमिकल कंपनीत पोचले तर एचआरचे पाटणकर घड्याळ बघत उभे. फर्मान तयारच: ऑपरेटर लोकांना इंग्रजीत ई-मेल लिहायला शिकवा. म्हटलं, ते ई-मेल पाठवतात कुणाला? “मॅडम, तुम्ही शिकवा हो!” प्लांट तरी बघू द्या म्हटलं. नाही. सेफ्टी. धन्य!

बुध. ५
ई-मेल. जांभयाच जांभया. गडब गावचा सुनील म्हात्रे तेवढा लिहून घेतो. परदेशी गिऱ्हाईक पाहणीला येणार, त्यांच्याशी यानेच बोलायचं. जमलं तर हाच शिफ्ट इन्चार्ज होणार, नाहीतर बाहेरचा माणूस आणणार. हे मला कुणी सांगितलं? कॅन्टीनच्या मावशींनी!

सोम. १०
ई-मेल गेला खड्ड्यात. मीच गिऱ्हाईक झाले, सुनीलला इंग्रजीतून विचारलं. हेल्मेट घालता? येस सर. (मला सर!) परवानगीशिवाय टाकीत उतरता? येस सर. अपघात लपवता? येस सर. हसतमुखाने. कपाळ बडवलं. अरे, कळलं नाही तर परत विचार ना!
“मोठ्या मानसाला परत कसा इचारायचा, म्याडम? त्याला वाटंल, ह्याला कायच कलत नाय. आमी व्हय बोलून टाकतो, मंग मागून एकमेकांत इचारतो.”
सगळा वर्ग माना डोलावतोय. यांना ‘नाही’ आणि ‘परत सांगा’ हवंय, आणि आम्ही ई-मेल...

शुक्र. १४
पाटणकरांना सांगितलं. “पाहुण्यांना नो? इम्प्रेशन काय पडेल? ऑपरेटरने येसच म्हणायचं, बाकी आम्ही सांभाळू.” असा संताप आला! भांडायला तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? “हो सर.” शी! पेण येईपर्यंत स्वतःलाच शिव्या घालत होते.

सोम. १७
फळ्यावर ई-मेल तसाच ठेवला, दार लावलं आणि ‘नो सर’ घोकून घेतलं. एवढा दांडगा सुनील, पण ‘नो’ म्हणताना आवाज चिमणीएवढा. मोठ्याने रे बाबा!

बुध. १९
आज पाहणी. गेटवर सुनील, कडक इस्त्रीत.
“म्याडम, ‘नो सर’ बोललो तं चालंल ना? पाटनकर सायेब बाजूलाच हायेत.”
चालेल म्हटलं.
“त्यांना इचारलाव ना?”
हो म्हटलं.
विचारलं होतं खरं, पण ‘येसच म्हणायचं’ हे त्यांचं उत्तर सुनीलला सांगितलं नाही. तो आत गेलाय. मी कॅन्टीनमध्ये बसलेय, मावशींनी दिलेला चहा तसाच आहे.