रिकाम्या चुलीचा धूर

बाबा, आज आमच्या घरी जेवताना गॅसच्या भावावरून बोलणं निघालं आणि सगळ्यांचं ऐकता ऐकता मला तुम्ही आठवलात. प्रेमाने आठवलात असं समजू नका. महागाई हा शब्द कानावर पडला की माझ्या डोळ्यांपुढे तुमचं ते पांढरंशुभ्र, खळ घातलेलं धोतर येतं आणि माझं तोंड कडू होतं. तांदूळ डोळ्यांत पाणी आणील इतका महागला होता, तेव्हाही त्या धोतरासाठी माय रोज वाटीभर पेज बाजूला काढायची. पोटात जायची ती पेज तुमच्या निऱ्यांत जायची. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. लोकांसमोर मी चांगलंच बोलते. पण आता इथे माझ्याशिवाय कोणी नाही.

तुम्ही राइस मिलमध्ये दिवाणजी होतात. सौंदडकडच्या आपल्या गावी तुमचे भाऊ धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभे राहायचे, आणि त्या चिखलाचा तुम्हाला असा विटाळ की जमिनीवरचा हक्क त्यांच्या हवाली करून तुम्ही गोंदियाला आलात. त्यात वाईट काही नव्हतं. पण चिखल सोडलात तो सोडलात, वर चिखलात राबणाऱ्यांचं जे जे खाणं, जे जे बोलणं, ते सगळं तुम्ही घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवायला निघालात. लाखोळीची डाळ नको, ती मजुरांची. जवसाचं तेल नको, त्याला वास येतो. आम्ही मुलांनी तिला ‘माय’ म्हणायचं नाही, ‘आई’ म्हणायचं, कारण मिलमधल्या मोठ्या बाबूंची मुलं तसं म्हणतात. मी तुमच्यासमोर ‘आई’ म्हणायची आणि तुमची पाठ वळली की ‘माय’. या पत्रात ती मायच राहील.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या पावसाळ्यातलं मी सांगते आहे. धान्यावरचा सरकारी कंट्रोल उठला होता, मग पुन्हा बसणार असं लोक म्हणत होते, आणि उठण्या-बसण्याच्या या खेळात दुकानदारांचं मात्र भलं चाललं होतं. डाळ, तेल, गूळ, ज्याचं नाव काढावं ते महाग. घासलेट मिळायचं ते रांगेत उभं राहून आणि मिळायचं तेही चमचाभर. सगळ्यांत वाईट अवस्था लाकडांची होती. दरेकशाकडून सकाळच्या गाडीने मोळीवाल्या बाया यायच्या. आठवड्यागणिक त्यांची मोळी बारीक होत गेली आणि भाव जाड. त्यातून पावसाळ्यात लाकूड ओलं. माय एकेक ढलपी चुलीच्या मागे सुकवत ठेवायची आणि स्वयंपाक झाला रे झाला की जळती लाकडं बाहेर ओढून पाणी शिंपडायची, उरलेला कोळसा पुन्हा उपयोगी पडावा म्हणून. तुम्ही ओसरीवर बसून पाहुण्यांना सांगायचात की देश नवा आहे, थोडी कळ सोसली पाहिजे. कळ माय सोसायची. तुम्ही फक्त सांगायचात. घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा, असे हवालदार तुम्ही.

आणि उपाय हाताशी होता, हे आठवलं की माझा आजही संताप होतो. तुमच्याच मिलच्या मागे धानाच्या भुसाचा डोंगर पडलेला असायचा. मिलमध्ये काम करणाऱ्या बाया संध्याकाळी पोतंभर भूस डोक्यावर घेऊन घरी जायच्या, त्यांना कोणी अडवत नसे. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करून भोवती भूस ठासून भरायचं, बाटली अलगद उपसून घ्यायची, खालून विस्तव लावायचा. पूर्ण स्वयंपाक होतो त्यावर. आपल्या शेजारी राहणारी मावशी मिलच्या पटांगणात उकडलेलं धान वाळवायला जायची, तिने मायला ही शेगडी दाखवली होती. मायने तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, ज्या गेटातून मी धोतर-कोट घालून आत जातो, त्या गेटातून माझी बायको भुसाचं पोतं डोक्यावर घेऊन बाहेर येणार का. विषय संपला.

मग मायने दुसरी वाट काढली. रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायचं आणि सकाळी तो शिळा भात, म्हणजे बासी, मीठ, कांदा, हिरवी मिरची लावून खायची. आपल्याकडे अर्धा मुलूख सकाळी बासी खाऊनच कामाला जातो. पोटाला थंड, आणि सकाळची चूल पेटवायचीच नाही, म्हणजे लाकडं निम्मी वाचली. आम्ही चार-पाच दिवस आनंदाने खाल्ली. तुम्हीसुद्धा खाल्लीत, दाराला कडी लावून. मग एक दिवस मिलला जाताना कोपऱ्यावरच्या वाण्याने तुम्हाला विचारलं की दिवाणजी, आज घरून धूर दिसला नाही, सगळं ठीक आहे ना. त्याने साधेपणाने विचारलं असेल. तुम्ही अर्ध्या रस्त्यातून घरी परत आलात. चेहरा असा की जणू कोणी भर चौकात तुमचं धोतर ओढलं.

तुमचं फर्मान निघालं की आपल्या छपराच्या कवेलूंमधून सकाळी धूर निघालाच पाहिजे. माय म्हणाली, “चूल पेटवतो जी मी. पर तिच्यावर ठेवू काय?” तुम्ही म्हणालात, ठेवायचं ते तू बघ, धूर दिसला पाहिजे. तेव्हापासून आमच्या घरी एक नवीन कुळाचार सुरू झाला. सकाळी उठायचं, बासी खायची, आणि मग रिकामी चूल पेटवायची. लाकूड जाळणं परवडणारं नव्हतं, म्हणून माय धानाची ओली तणस आणि झाडाचा पाला चुलीत कोंबायची. त्याला जाळ होत नाही, नुसता धूर होतो, जो तुम्हाला हवा होता. पाऊस आत येऊ नये म्हणून दार लावलेलं. तो पिवळा-काळा धूर आधी घरभर फिरायचा आणि मग सावकाश कवेलूंमधून बाहेर निघून साऱ्या गल्लीला तुमच्या श्रीमंतीची वर्दी द्यायचा. लोक मिशीला तूप लावून फिरतात असं ऐकलं होतं. तुम्ही घराला धूर लावलात. मायला पावसाळ्यात दम लागायचा हे तुम्हाला ठाऊक होतं. ती खोकायला लागली की तुम्ही कोट चढवून बाहेर पडायचात.

त्या दिवशी मी विहिरीवर गेले होते. परत आले तर दार आतून ओढलेलं आणि आत हाक मारली तर ओ नाही. ढकलून आत शिरले. माय चुलीपुढे आडवी पडलेली होती, डोळे अर्धे उघडे, आणि छातीतून असा आवाज येत होता की मला वाटलं ही आता जाते. मी किंचाळले तशी मावशी धावत आली. तिने मायला काखेत धरून फरफटत ओसरीवर आणलं, तोंडावर पाणी मारलं आणि मला म्हणाली, बाबाला बोलाव. मी पावसात अनवाणी मिलपर्यंत पळाले. तुम्ही मिलमालक सेठच्या पेढीत गादीवर बसला होतात. मी दारातूनच ओरडले की माय मरते आहे. तुम्ही उठलात, माझा दंड धरून मला भिंतीच्या आडोशाला नेलंत आणि काय म्हणालात ते तुम्हाला आठवतं का? मला आठवतं. “हळू बोल, सेठजी आत आहेत.” आणि मग विचारलंत, “लोक जमले का घराशी?” मग तुम्ही छत्री शोधलीत.

लोक जमले नव्हते, बाबा. एवढी भीती बाळगलीत ती वायाच गेली. कोणी येणार तरी कसं? धूर नेहमीसारखा निघत होता आणि धूर निघतो म्हणजे घर ठीक आहे, हे तुम्हीच तर सगळ्यांना शिकवलं होतं. आपण घरी पोहोचलो तेव्हा माय बसती झाली होती, पण बोलता येत नव्हतं. तुम्ही घसा खाकरून मावशीला काहीतरी सांगायला लागलात, की स्वयंपाकाची लाकडं जरा ओली होती म्हणून. मावशीने तुम्हाला पुरतं बोलू दिलं नाही. ती मायची पाठ चोळत होती, वर न बघताच म्हणाली, “दिवाणजी, तुमच्या धुराले भाताचा वास कधी आला नाई. साऱ्या गल्लीले मालूम हाय. कायले बाईले मारून राहिले?”

मी तुमच्याकडे पाहत होते. तुमची मान खाली जाईल, तुम्ही मायजवळ बसाल असं मला वाटलं होतं. तुम्ही आत जाऊन कोट काढून खुंटीला लावलात. साऱ्या गल्लीला आधीपासून माहीत होतं, कोणी हसत नव्हतं, कारण त्यांच्याही घरी बासीच होती, आणि एवढ्या सगळ्या लोकांत हे नाटक फक्त तुमच्या एकट्यासाठी चाललं होतं. प्रेक्षकही तुम्ही, नटही तुम्ही. मायच्या छातीत मात्र त्या दिवसापासून शिट्टी वाजायला लागली ती ती जाईपर्यंत वाजत राहिली.

खाटेवरून उठल्यावर ती तुम्हाला म्हणाली, आवाज मुळीच न चढवता, “मी उद्यापासून भूस आणतो. मिलच्या गेटातून आणतो. तुमाले लाज वाटत असन तर तुम्ही तोंड फिरवा.” तुम्ही तेव्हाच तोंड फिरवलंत. मला वाटलं, मान्य केलंत.

दुसऱ्या दिवशी उघाड आहे. आम्ही भूस भरून मिलमधून निघालो आहोत, माय पुढे, तिच्या डोक्यावर पोतं, मी मागे टोपली घेऊन. ती पायघोळ नऊवारी नेसलेली, कपाळावर कुंकू, पायात जोडवी. मजुरीला जाणाऱ्या बाईसारखी ती दिसतच नाही. गेटाजवळच्या काट्यापाशी पोती तोलली जात आहेत. सेठ उभे आहेत आणि त्यांच्या शेजारी तुम्ही. दम लागल्यामुळे माय सावकाश चालते आहे. सेठ तिच्याकडे बघतात आणि तुम्हाला विचारतात, “ये कौन है, दिवाणजी? मजदूर तो नहीं लगती.” तुम्ही आमच्याकडे पाहता. पोत्यापासून पायापर्यंत पाहता. मी तुमच्या डोळ्यांत बघते आहे. आणि तुम्ही म्हणता, “होगी कोई बस्ती की, सेठजी.”

मायने ऐकलं. तिचं पाऊल थांबलं नाही, पोतं हललं नाही. घरी येऊन तिने डब्यात भूस ठासलं, बाटली उपसली, विस्तव लावला, आणि त्या नव्या शेगडीवर पहिला भात केला. संध्याकाळी तुम्ही आलात, हातपाय धुऊन पाटावर बसलात. मायने ताटात भात वाढला आणि म्हणाली, “घ्या जी. बस्तीवालीच्या हातचा हाय.” तुम्ही खाली मान घालून जेवलात. शिवाय भात परत मागून घेतलात. हे तर मी कधीच विसरणार नाही. नवऱ्याने बायको नाकारली आणि त्याच दिवशी तिच्याकडे भात परत मागितला, इतका निगरगट्ट माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

त्यानंतर घर सुरळीत चाललं. लाखोळीची डाळ आली, जवसाचं तेल आलं, सकाळची बासी आम्ही ओसरीवर बसून खायला लागलो. लाकडांचा भाव वर गेला काय आणि खाली आला काय, मायला पत्ता नसे. तुम्ही सगळं खाल्लंत, सगळं पचवलंत, आणि बाहेर शेवटपर्यंत खळ घातलेल्या धोतरातच फिरलात. माय अधूनमधून तुम्हाला वाढताना स्वतःला बस्तीवाली म्हणायची, आणि तुम्ही ऐकू न आल्यासारखं करायचात.

आपला भाग मुंबई राज्यात गेला त्या सुमारास तुम्ही गेलात. तेरवीच्या आधी एक दिवस सेठ घरी भेटायला आले. तुमच्याबद्दल बरंच चांगलं बोलले. बोलता बोलता मायकडे पाहून थांबले आणि म्हणाले, “भाभीजी, आपको पहले कहीं देखा है.” मी तोंड उघडलं होतं. सगळं सांगून टाकणार होते, गेट, पोतं, तुमचं ते वाक्य. माझ्या आधी मायने पदर पुढे ओढला आणि म्हणाली, “नाई जी. मी घराबाहेर कुठं जातो. यायनं कधी जाऊच नाई देलं.” सेठनी मान डोलावली. म्हणाले, बडे इज्जतदार आदमी थे.

मी मायवर कितीतरी दिवस धुमसत होते. ज्याने तुला ओळख दिली नाही त्याची इभ्रत तू त्याच्यामागे सांभाळतेस, असं मी तिला तोंडावर म्हणाले. ती म्हणाली, तुले नाई समजन. मला अजूनही समजलेलं नाही. तुमच्याबद्दल वरती लिहिलं त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. फक्त एक गोष्ट मी मायला सांगितली नाही आणि कोणालाच सांगितली नाही. माय ते खोटं बोलली तेव्हा राग यायच्या आधी, अगदी क्षणभर, मला हायसं वाटलं होतं. तुमच्यासाठी हायसं वाटलं होतं, बाबा, सेठसमोर तुमचं नाक राहिलं म्हणून. हे तुम्हाला कळलं तर तुम्ही तिथेही ताठ मानेने फिरायला लागाल, आणि ते सुख मी तुम्हाला देणार नाही. म्हणून हा कागद मी आता फाडते आहे.