पहिलं पान कोरं होतं

बाई, आता पुस्तकांत छापूनच येतं. परवा माझ्या मुलीने एक नवं पुस्तक आणलं, तर आत शिरायच्या आधीच एक ओळ: यातला मजकूर काही वाचकांना त्रासदायक वाटू शकतो. मुलगी म्हणाली, वाचणाऱ्यांना एवढं सांभाळायचं तर लिहायचंच कशाला. तिला काय सांगणार, की आमच्या आलापल्लीच्या शाळेत एक बाई होत्या, त्या हे काम पेन्सिलीने करायच्या.

शाळेचं ग्रंथालय म्हणजे शिक्षकांच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट आणि त्याची तुमच्या पदराला बांधलेली किल्ली. कुठलंही पुस्तक स्वतः वाचल्याशिवाय तुम्ही कोणाला दिलं नाही. पहिल्या पानावर बारीक अक्षरात लिहून ठेवायचात: यात शेवटी कुत्रा मरतो. मधल्या भागात घरात मारहाण आहे, दिवसा वाचावं. मुख्याध्यापक चिडवायचे, बाई, तुम्ही पुस्तकालेही औषधाच्या बाटलीसारखी चिठ्ठी लावता. तुम्ही हसायच्या नाहीत. पोरींच्या हातात आपण काय देतो हे देणाऱ्याला ठाऊक पाहिजे, एवढंच म्हणायच्या. आम्ही पोरी आधी पहिलं पान बघायचो. ते कोरं असलं की बिनघोर वाचायला बसायचो, अगदी रिकाम्या घरातसुद्धा.

आठवीत मला एका पुस्तकावर तुमचं अक्षर दिसलं: यात जनावर माणसाला नेतं. तुला नको वाटलं तर न वाचता परत कर. मी परत आणलं. शाळा सुटली होती, तुम्ही खिडक्या लावत होतात, आणि मी बोलायला लागले. आई गेली ते सगळ्यांना माहीत होतं. मोहफुलं वेचायला आम्ही दोघीच पहाटे गेलो होतो, वाघाने तिला नेलं, मी झाडावर चढले म्हणून वाचले. पुढचं कोणालाच माहीत नव्हतं. आई झुडपाआडून बराच वेळ ओरडत होती आणि मी वर फांदीला धरून ऐकत होते. त्या दिवशी बाबांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरून विचारलं होतं, "तिले लई तरास झाला काय?" मी म्हटलं, "नाई. आवाज बी नाई आला." तेवढ्या एका वाक्यावर बाबा पुन्हा लाकडाच्या डेपोत कामाला जायला लागले, जेवायला लागले. हे मी फक्त तुम्हाला सांगितलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, हे माझ्यापाशीच राहील.

मग तुमचं पुस्तक निघालं. मी तेव्हा चंद्रपूरला शिकत होते, सुटीत घरी आले होते. तुम्ही स्वतः आलात, खाकी कागदात बांधलेली प्रत घेऊन, आणि ती बाबांच्या हातात दिलीत. तुमच्या पोरीनेच मला लिहितं केलं, असं म्हणालात. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, पण पुस्तकाचा मान त्यांच्या लेखी मोठा. त्यांनी ते आधी बुद्धाच्या मूर्तीपाशी ठेवलं. तुम्ही गेल्यावर मी सवयीने पहिलं पान उघडलं. तुमची सही होती. बाकी पान कोरं. मीच ते पुस्तक बाबांना दिलं आणि चुलीपाशी गेले.

बाबा उंबरठ्यावर बसून मोठ्याने वाचताहेत, अक्षराखाली बोट. पहिल्या गोष्टीला हसले. दुसरी त्यांना तेवढीशी आवडली नाही. तिसरीत मोहाची झाडं आली आणि मी भात हलवता हलवता मनात म्हणते आहे, वा, बाईंनी वास बरोबर पकडला. मग गोष्टीतली मुलगी झाडावर चढते. बाबांच्या एक वाक्य आधी मला कळलं. मी म्हटलं, बाबा, भात झाला, ठेवा ते. ते म्हणाले, थांब, पुढं काय होते ते पाहू दे. आवाज चालू राहिला, मग बारीक झाला, मग नुसतं बोट सरकत राहिलं. ते पानाच्या शेवटापर्यंत गेलं. बाबांनी पुस्तक मिटलं.

"तू तं म्हनली होतीस, आवाज बी नाई आला."

मी चुलीवरचा भात उतरवला. मग त्यांनी विचारलं, "किती वेळ?" ते मी सांगितलं नाही. ते जेवले नाहीत. त्यानंतर बाबा जगले, कामावर गेले, माझं लग्न लावलं, पण मोहाचे दिवस आले की भर दुपारी दार-खिडक्या लावून बसायचे. माझ्या कुठल्याच बोलण्यावर त्यांचा पुरता विश्वास राहिला नाही. पोट दुखत नाही म्हटलं तरी माझ्याकडे निरखून पाहायचे.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत आले. तुम्ही आधीच तयार होतात. नाव बदललं, गाव बदललं, गोष्ट ती गोष्टच असते, असं सगळं सांगून झालं. मी एकच विचारलं, पहिलं पान कोरं काऊन ठेवलं? तुम्ही कपाटाकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "आधीच सांगून ठेवलं असतं, तर वाचणारा मन घट्ट करून बसला असता. मग गोष्ट लागत नाही."

लागली, बाई. दुसऱ्यांनी लिहिलेलं दुःख तुम्ही आम्हाला चिमटीने द्यायच्या आणि स्वतःचं पुस्तक आलं तेव्हा आमच्या घरात येऊन ते असं ओतलंत. मला राग लिहिण्याचा नाही. लिहिलं असतंत, मला बोलावून सांगितलं असतंत, तर मी बाबांना जवळ बसवून माझ्या तोंडाने सांगितलं असतं. तेवढाही वेळ तुम्ही मला दिला नाहीत. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी गावातच होते. मातीला आले नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एक गोष्ट कबूल करते. या आठवड्यात मी ती गोष्ट पुन्हा वाचली. त्यातली आई ओरडते, "उतरू नको, खाली उतरू नको." मला ते तिच्याच आवाजात ऐकू येतं. पण माझी आई खरंच तसं म्हणाली होती, की ते तुम्ही घातलं, हे मला आता आठवत नाही. पुष्कळ प्रयत्न केला. बाबांना मी कधी सांगितलंच नव्हतं, आणि दुसरं कोणी तिथे नव्हतं. त्या दिवशी खिडक्या लावता लावता तुम्ही ऐकलंत, तेवढंच. काय सांगितलं होतं मी तुम्हाला, बाई?