राखेखालची मुळं

जांबोटी, १४ मे १९३६

काल शेजारच्या तुकाप्पाला थांबवायला मी त्याची कुदळ धरली, तोवर शतावरीची शेवटची ओळही चिरली गेली होती. माझा औषधी मळा जळाल्यापासून गाव रोज मदतीला येतो. इथे जळलेली जमीन म्हणजे नाचणीचा राब, पेरणीसाठी भाजून तयार केलेली. त्यांनी तशीच ती खणली.

"वैद्य अण्णा, जळकी मुळं ठेवून लोणचं घालतासा व्हय? राख लई झ्याक हाय. नाचणी टाकू," तुकाप्पा म्हणाला.

सगळे हसले. मीही.

मुळं आतून पांढरी होती. पावसात फुटली असती. हे मी आधी का सांगितलं नाही? बायको गेल्यावर तिच्या हातची लागवड तेवढीच उरली होती. आतून पांढरी, ओली. मदतीला आलेल्यांना काय बोलायचं?

आज सकाळी ते नाचणीचं बियाणं घेऊन आले. मी पेरू दिलं.