बिनकाचेचं चित्र

१२ जाने., सोम.
परभणीहून चित्रकार आला. ऑटोत तीन मोठी चित्रं, गोधडीत गुंडाळून. खेड्यातल्या लेकरांनी खरी चित्रं बघावी म्हनून झेडपीच्या शाळा हिंडायलाय. मी शाळेच्या समितीवर, माझी सही लागली. म्हनले, आधी मुलींच्या संडासाला दार बसवा. हेडमास्तर छताकडं बघायले. चित्रकार हसला. "आज्जी, दार बी मागा. पण हे राहू द्या."
केली सही. उगं घोळ कशाला.

१५ जाने.
धनगराच्या कोंडाबाईची राधी, सहावीतली. कापूस वेचणाऱ्या बाईच्या चित्रापुढून हलंना. मधल्या सुट्टीत बी तिथंच. म्हने, "आज्जी, हिची सावली निळी हाय."
म्हनले, सावली काळीच असती. जा, खिचडी खा.

१६
सकाळी लिंबाची सावली बघितली. काळीच. दिस कलल्यावर परत बघितली. जरा... जाऊ दे. भाकर करपली.

२१
कोंडाबाई भेटली. म्हैनाअखेर मेंढरं घेऊन निघायचंय, राधीला बी न्यायची होती. मागल्या साली नेली तर चार महिने शाळा बुडाली. औंदा पोरगी हट्टाला पेटली. कोंडाबाई म्हनली, "ते चित्र हाय तवर ऱ्हाऊ द्या तिला तुमच्याकडं." बरं म्हनले. राधी आतापासूनच माझ्याकडं जेवायलीय. लय बोलती.

२६ जाने.
झेंडा. शाळंतल्या समद्या तसबिरींना दर साली हार-कुंकू असतं. ताट माझ्या हातात. पाहुणे ताटकळलेले, म्हनून मी भराभरा. त्याच झपाट्यात कापूसवाल्या बाईच्या कपाळाला बी लावलं. ओलं बोट.
राधी मागून, "आज्जी, तिला काच न्हाई."
पदर भिजवून पुसाय गेले. लाल नाकापर्यंत आलं. थांबायचं तिथं. मला कुठं थांबता येतंय.

२७
हेडमास्तर म्हनले, पोरांचा हात लागला असं सांगू. म्हंजे उद्यापासून एका बी लेकराला जवळ जाऊ देनार न्हाईत. मी म्हनले, चित्रकाराला फोन लावा, मीच बोलते.
सांगितलं. त्यानं समदं ऐकून घेतलं. मग, "आता हात लावू नका. शनिवारी येतो."
राधी खाली मान घालून जेवली, ताट घासून ठिवलं.

३१, शनि.
आला. चित्र उजेडात धरून बघितलं. "पुसलं कुणी?"
मी, म्हनले. रागावला असता तर बरं झालं असतं. परभणीला नेऊन बघतो म्हनला, निघालं तर आनतो. कधी ते सांगता येत न्हाई. दोन चित्रं ठिवली, ते तेवढं गोधडीत घालून नेलं.
हेडमास्तर शिपायाला खिळा काढाय सांगायले. मी म्हनले, ऱ्हाऊ द्या तो.
सकाळची शाळा सुटली. राधी खिळ्याखाली फरशीवर बसलेली, निळ्या खडूनं ओढायलीय काय तरी. येवढ्यात कोंडाबाई दारात. चित्र गेल्याचं कळलंच होतं तिला, पोरीला न्यायला आलेली. रस्त्यावर बिऱ्हाड लादलेलं घोडं उभं, मेंढरं पुढं गेलेली.
"येनार का ते परत?"
येईल म्हनायचं होतं. तोंडातून निघालं, ठाव न्हाई.
राधीनं वर बघितलं न्हाई. कोंडाबाईनं बी हाक मारली न्हाई. पोरीचा खडू बघत उभी ऱ्हायली, मग पायरीवर टेकली.
घोडं तसंच, लादलेलं.