प्रवाळ आणण्याआधी

अहो,

मी दातांच्या डॉक्टरांकडे जातेय. जेवण झाकून ठेवलंय. अ‍ॅक्वेरियमवाला दुपारी प्रवाळासाठी लागणारे दिवे बसवायला येईल, तो यायच्या आत एवढं वाचा.

खाऱ्या पाण्याच्या त्या टाकीत प्रवाळ सुंदरच दिसेल, वाद नाही. पण मग आपल्या फुगोबा माशाला जावं लागेल, तो प्रवाळ कुरतडून खाईल. चिडला की फुगून बसतो खरा, पण त्याची मला सवय आहे. आणि मी खोलीत आले की लगबगीनं पुढे येणारा या घरात तो एकटाच.

शिवाय प्रवाळ म्हटलं की पाणी रोज तपासा, वाफ होऊन उडालं तेवढं गोडं पाणी भरा, खारटपणा जरा वाढला की संपलं. "आपण करू की," असं तुम्ही अ‍ॅक्वेरियमवाल्याला सांगून टाकलंत. या घरात 'आपण' म्हणजे कोण, हे त्या बिचाऱ्याला माहीत नाही. नुसत्या माशांना थोडं इकडेतिकडे चालतं. शेजारच्या वहिनी महिनाभर बघायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.

लेकीचे दिवस भरत आलेत. रोज विचारते, "आई, येतेयस ना?" मी "बघू" म्हणते. काल जावईबापूंनी विचारलं, त्यांनाही "बघू."

दिवे नकोत म्हणून त्या अ‍ॅक्वेरियमवाल्याला सांगा. मी सांगितलं होतं, तर मला म्हणाला, "साहेबांना विचारून सांगा, ताई."

माळ्यावरची बॅग मी स्टुलावर चढून खाली काढलीये. दिवे लागलेच, तर ती तुम्हीच परत वर ठेवा. माझ्याच्यानं ते होणार नाही.